दवाखाना, वारी आणि बायपास: परळच्या एका फॅमिली डॉक्टरांचं प्रकरण

हे प्रकरण परळ-लालबाग भागातल्या एका फॅमिली डॉक्टरांचं आहे. डॉक्टरांनी आणि घरच्यांनी लिहायला परवानगी दिलीय, पेशंटची ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नावं कुणाचीच घेतलेली नाहीत. मी त्याच भागात प्रॅक्टिस करतो, डॉक्टरांना लहानपणापासून काका म्हणतो, आणि या सगळ्यात पहिल्यापासून होतो म्हणून लिहितोय. एकट्याच्या जोरावर दवाखाना चालवणारे डॉक्टर मुंबईत अजून पुष्कळ आहेत, साठी-सत्तरीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या घरी हेच प्रश्न आज ना उद्या येणार आहेत.

पार्श्वभूमी

डॉक्टर ६७ वर्षांचे. वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. डॉक्टर शिकले परळच्या केईएममध्ये, महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात, म्हणजे घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि १९८३ मध्ये चाळीच्या तळमजल्यावर पागडीने, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्याने, खोली घेऊन दवाखाना टाकला. तो काळ आठवा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला होता, अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसलेले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मिटलाच नाही. अशा वेळी नव्या डॉक्टरला फी कोण देणार. मग उधारीची वही सुरू झाली ती झालीच. पण माणसं जोडली गेली ती तिथेच. ब्लोरूम आणि कार्डिंगला, म्हणजे कापूस मोकळा करायच्या आणि पिंजायच्या खात्यांत, आयुष्य काढलेले जुने कामगार यायचे, सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळायची असं सांगायचे, आणि डॉक्टरांना समोरच्या माणसाचं खातं विचारूनच अंदाज यायचा की ही कापसाच्या धुळीची छाती आहे, बिसिनोसिस आहे, साधा दमा नाही. अशी नजर पुस्तकातून येत नाही, चाळीस वर्षं एकाच गल्लीत बसून येते.

घरात मिसेस, त्यांना मी काकू म्हणतो, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. डॉक्टरांची आई, नव्वदीच्या, अंथरुणाला खिळलेल्या नाहीत पण उठायला हात लागतो. मुलगी ठाण्याला, बँकेत. मुलगा पुण्याला. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज सकाळी आईची शुगर तपासायची, त्यांना चहा-नाश्ता भरवायचा आणि मग दवाखान्यात उतरायचं, हे काम डॉक्टरांनी बाईवर कधी सोपवलं नाही.

आणि वारी. घराणं वारकरी, गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकवायची नाही. आळंदीहून माऊलींच्या पालखीबरोबर रथामागच्या एका दिंडीत डॉक्टर दरवर्षी चालायचे, अंदाजे अडीचशे किलोमीटर, आणि चालता चालता दिंडीचा दवाखानाही तेच. दिवे घाट चढताना कुणाला चक्कर आली, सासवडच्या मुक्कामी पायाला फोड, पुढे लोणंद-फलटणकडे जुलाब, आणि सगळ्यात जास्त त्रास म्हणजे बीपीची गोळी घरी विसरून आलेली माणसं. त्यांची एक पत्र्याची पेटी असायची, त्यात ओआरएस, पट्ट्या, बीपीच्या चार प्रकारच्या गोळ्या. तीन आठवडे दवाखाना बंद, दारावर पाटी, डॉक्टर वारीला गेले आहेत. लोकांना त्याची सवय झाली होती. जाण्याआधी डॉक्टर टीबीच्या आणि फिट्सच्या पेशंटना बोलावून महिन्याभराच्या गोळ्या देऊन ठेवायचे. ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

अडचण

फेब्रुवारीपासून डॉक्टरांना होम व्हिजिटला जिना चढताना छातीच्या मधोमध जडपणा यायचा, थांबलं की जायचा. त्यांनी स्वतःच ठरवलं की ॲसिडिटी आहे, स्वतःच गोळ्या सुरू केल्या. डायबेटिस त्यांना बारा-तेरा वर्षांपासून, तोही स्वतःच बघायचे. स्वतःची फाईल नाही, शेवटची लिपिड प्रोफाईल कधी केली ते आठवत नाही. दुसरा कुणी पेशंट चढताना दुखतं थांबलं की राहतं असं सांगत आला असता तर त्याच दिवशी ईसीजीला पाठवला असता, हे ते आता स्वतः सांगतात.

कंपाउंडर गेली तीस वर्षं त्यांच्याबरोबर. त्यांनी एप्रिलमध्ये बघितलं की डॉक्टर दवाखान्याचं शटर वर करून खुर्चीत बसले आणि पाच मिनिटं बोलले नाहीत. त्यांनी डॉक्टरांना न विचारता काकूंना फोन केला, काकूंनी मला केला. मी गेलो, ईसीजी काढला, बदल होते, दुसऱ्या दिवशी कार्डिओलॉजिस्ट. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तिन्ही नळ्यांमध्ये ब्लॉक आणि वर डाव्या मुख्य नळीतही साठ टक्क्यांच्या आसपास. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, ८.६, जास्तच. सर्जननी सांगितलं, बायपास, आणि फार लांबवू नका.

इथपर्यंत हे कुठल्याही पेशंटचं प्रकरण झालं असतं. पण डॉक्टरांच्या डोक्यात त्याच क्षणी तीन गोष्टी उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या मला अँजिओच्या वॉर्डातच सांगितल्या. पालखी जूनअखेरीला निघतेय. टीबीचे नऊ पेशंट सध्या माझ्याकडे अर्धवट कोर्सवर आहेत. आणि आईला कोण भरवणार.

खरी अडचण कुठे होती ते बघा. माणसाची श्रद्धा, घर, पेशंट हे सगळं एका बाजूला आणि ऑपरेशन दुसऱ्या बाजूला असं चित्र सगळ्यांनी धरलं होतं, डॉक्टरांनीही. माझं मत वेगळं होतं आणि अजून आहे. यातलं काहीच ऑपरेशनच्या आड येत नव्हतं, आड येत होतं ते हे की यातली प्रत्येक गोष्ट फक्त डॉक्टरांनाच माहीत होती, फक्त त्यांच्याच हातून होत होती, दुसऱ्या कुणाला द्यायची सोय कधी केलीच नव्हती. कुठल्या म्हातारबांना कुठली बीपीची गोळी चालत नाही, कुठल्या घरात सून गोळ्या देते आणि कुठल्या घरात लपवावं लागतं, हे कागदावर कुठेच नव्हतं.

पर्याय

घरी बैठक झाली, रविवारी दुपारी, काकू, मुलगी, मुलगा पुण्याहून आलेला, कंपाउंडर आणि मी. काकूंनी मुद्दाम कंपाउंडरना बसवलं, कारण दवाखाना बंद झाला तर पहिला फटका त्यांना. तीन-साडेतीन तास चाललं.

पहिला विचार डॉक्टरांचाच. वारी करून येतो, आषाढी झाली की जुलैत ऑपरेशन. चालत नाही तर गाडीने जाईन दिंडीबरोबर. डाव्या मुख्य नळीत ब्लॉक असलेला, डायबेटिस असलेला माणूस, पावसात, गर्दीत, रात्री तंबूत. मी तिथे स्पष्ट सांगितलं की काका, हा रिपोर्ट दुसऱ्याचा असता आणि त्याने दिवे घाटाचं नाव काढलं असतं तर तुम्ही त्याला खोलीतून बाहेर सोडलं नसतं. ते गप्प बसले पण पटलं नव्हतं.

दुसरा विचार मुलाचा, स्टेंट टाकून घेऊ, आठवड्यात माणूस घरी. हा प्रश्न बरोबर होता, बरेच जण विचारतात. पण डायबेटिस आणि अनेक नळ्यांमध्ये ब्लॉक असेल तर बायपासचा फायदा जास्त, हे २०१२ मध्ये आलेल्या फ्रीडम नावाच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं, १९०० पेशंट होते त्यात, बायपासवाल्यांमध्ये पुढच्या पाच वर्षांत मृत्यू आणि हार्ट अटॅक दोन्ही कमी, पक्षाघाताचं प्रमाण मात्र थोडं जास्त. ती जास्तीची जोखीमही मी लपवली नाही. कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन दोघांचंही मत एकच पडलं, त्यामुळे स्टेंटचा विषय तिथे संपला.

तिसरा मुलीचा. ऑपरेशन लगेच, दवाखाना कायमचा बंद, सगळ्यांनी ठाण्याला यायचं. ती रागाने बोलत नव्हती, घाबरली होती. बाबा, चाळीस वर्षं दिलीत ना लोकांना, आता आम्हाला द्या, असं म्हणाली. याला उत्तर देणं कुणालाच सोपं नव्हतं. पण दवाखाना एका दिवसात बंद करता येत नाही. पेशंटला आणि घरच्यांना पुरेशी आधी कल्पना दिल्याशिवाय डॉक्टरने उपचारातून अंग काढून घेऊ नये, हे मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतच आहे, आणि टीबीच्या पेशंटच्या बाबतीत तर तो नुसता नियम राहत नाही, मध्येच गोळ्या सुटल्या की औषधाला दाद न देणारा टीबी होण्याची भीती, मग तो घरातल्या लहान मुलापर्यंत.

चौथा पर्याय हळूहळू बोलता बोलता तयार झाला. ऑपरेशन मे महिन्यातच, दवाखाना चालू ठेवायचा पण दुसऱ्या डॉक्टरच्या हातात, आणि मधले जे दहा-बारा दिवस मिळतात त्यात डोक्यातलं सगळं कागदावर उतरवायचं.

वारीचा गुंता सोडवला काकूंनी. त्या म्हणाल्या, २०२० आणि २०२१ ला पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तेव्हा तुम्ही कुठे होतात, पीपीई किट घालून खाली दवाखान्यात बसला होता आणि रात्री घरी हरिपाठ म्हणत होता, तेव्हा वारी मोडली असं तुम्हाला वाटलं नाही, मग आता का वाटतंय. तरी डॉक्टरांनी दिंडीच्या महाराजांना फोन लावला. महाराजांनी अरणच्या सावता महाराजांची आठवण दिली, त्यांनी मळा सोडला नाही, देवच त्यांच्याकडे गेला असं आपण मानतो, आणि आजही पांडुरंगाची पालखी अरणला जाते. आणि मग म्हणाले, पेटी पाठवा, माणूस आम्ही बघतो. मला वाटतं बैठकीचा निकाल त्या एका वाक्याने लागला, कारण डॉक्टरांना स्वतःच्या पुण्याची काळजी नव्हती, वाटेत गोळी विसरलेल्या माणसाची होती.

काय केलं

सगळ्यात आधी यादी. डॉक्टर खुर्चीत, कंपाउंडर समोर रजिस्टर घेऊन. पहिला गट ज्यांची गोळी एक दिवसही चुकता कामा नये असे, टीबी, फिट्स, इन्सुलिन, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मानसिक आजाराच्या गोळ्या. दुसरा गट बीपी-शुगरचे, ज्यांना महिन्याने कुणीही बघितलं तरी चालेल. आणि एक तिसरा गट डॉक्टरांनी स्वतः सांगितला, ज्यांना औषध फारसं लागत नाही पण आठवड्यातून एकदा येऊन बसायचं असतं, एकटी राहणारी म्हातारी माणसं. मी म्हटलं यांना कशाला यादीत, तर म्हणाले यांना आधी कळायला हवं, नाहीतर दार बंद दिसलं की ही माणसं परत फिरतील आणि कुणाला काही सांगणार नाहीत.

यादी करताना एक गोष्ट बाहेर आली जी आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी नीट ऐकावी. दवाखान्यातून सुट्या गोळ्या पुडीत बांधून द्यायची जुनी पद्धत. पेशंटला औषधाचं नाव माहीत नसतं, सकाळी पांढरी अर्धी, रात्री गुलाबी एक, एवढंच. डॉक्टर नसले तर त्या माणसाच्या हातात काहीच नाही. म्हणून पहिल्या दोन गटांतल्या प्रत्येकासाठी एक चिठ्ठी लिहिली, आजार, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, ॲलर्जी, शेवटचा रिपोर्ट, मराठीत आणि मोठ्या अक्षरात. डॉक्टर सांगत होते, काकू लिहीत होत्या, मास्तरीणबाईंचं अक्षर असल्यामुळे सगळ्यांना वाचता आलं.

दुसऱ्याला ही माहिती द्यायची तर पेशंटची संमती हवी. याद्या सरळ नव्या डॉक्टरकडे देऊन टाकल्या असत्या तर काम लवकर झालं असतं, पण डॉक्टरांनी ते होऊ दिलं नाही. कंपाउंडरनी एकेकाला फोन केला किंवा गाठलं. बहुतेकांनी हो म्हटलं. टीबीच्या एका मुलीच्या घरचे तयार होईनात, लग्नाचं बोलणं चालू होतं, आणि महापालिकेच्या केंद्रात गेलं तर चाळीतलं कुणीतरी बघेल ही भीती. तिला दुसऱ्या भागातल्या केंद्राशी जोडून दिलं. टीबीची नोंद खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे आणि डॉक्टर ती वेळच्या वेळी निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर करायचे, त्यामुळे आयडी तयार होते आणि पेशंट एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता आले, नवीन सुरुवात करावी लागली नाही. निक्षय पोषणचे, म्हणजे टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकारकडून मिळणारे पैसे, जे आधी महिना ५०० होते आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, तेही त्याच आयडीवर येतात, म्हणून हे जपणं गरजेचं होतं.

नवीन डॉक्टर म्हणून त्याच भागात वाढलेली एक एमबीबीएस मुलगी तयार झाली. इथे एक अडचण होती जी कुणाच्या लक्षात आली नव्हती, काकूंच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितली. खोली पागडीची, भाडेपावती डॉक्टरांच्या नावावर, चाळ पुनर्विकासाला निघालेली, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे जागा खाली करायला लावण्याचं कारण होऊ शकतं. म्हणजे चांगल्या हेतूने खोली तिच्या हवाली केली आणि मालकाने बोट ठेवलं तर पुनर्विकासातला हक्कच धोक्यात. म्हणून पाटी डॉक्टरांचीच, ताबा त्यांचाच, ती सहायक डॉक्टर म्हणून पगारावर, आणि चिठ्ठी मात्र ती स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या रजिस्ट्रेशन नंबरने लिहिणार. डॉक्टरांच्या छापील लेटरहेडवर तिने काही लिहायचं नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं. ऑपरेशनआधी ती तीन संध्याकाळ डॉक्टरांच्या शेजारी बसली. तीनच मिळाल्या, जास्त हव्या होत्या.

लोकांना काय सांगायचं यावर घरात एकमत नव्हतं. डॉक्टरांचं म्हणणं नेहमीची वारीची पाटी लावू, उगाच चर्चा नको. काकू ठाम होत्या की खोटी पाटी लावायची नाही, आषाढी झाल्यावर सगळे दारात येतील तेव्हा काय सांगणार. शेवटी पाटीवर खरं लिहिलं, डॉक्टरांचं हृदयाचं ऑपरेशन आहे, दवाखाना चालू आहे, वेळ अमुक. आईंनाही खरं सांगितलं. त्यांनी फक्त विचारलं, दुखणार का त्याला, आणि मग स्वतःहून म्हणाल्या, मला भरवायला बाई ठेवा.

माळेचा विषय लहान वाटेल पण वारकरी घरात तो लहान नसतो. ऑपरेशनच्या वेळी मानेच्या शिरेत नळी घालतात, छाती पूर्ण स्वच्छ करतात, गळ्यात काही चालत नाही. भूलतज्ज्ञांशी हे आदल्या आठवड्यातच बोललो, ऐन वेळी स्ट्रेचरवर वाद नको म्हणून. त्यांनी नीट ऐकून घेतलं. माळ काकूंनी उतरवून स्वतःजवळ ठेवली, आणि मानेतली नळी निघाल्यावर आयसीयूतल्या सिस्टरनी ती त्यांच्या मनगटाला बांधू दिली. ज्या टीमने हे समजून घेतलं तिच्याबद्दल घरच्यांच्या मनात फार आदर आहे.

रक्त द्यायला मंडळाची पोरं गेली, त्यात काही तर डॉक्टरांनीच लहानपणी लसी टोचलेली.

काय झालं

ऑपरेशन मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात झालं, नीट झालं. तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले, एट्रियल फिब्रिलेशन, बायपासनंतर हे बऱ्याच जणांना होतं, औषधाने दीड दिवसात सुरळीत झालं, मुक्काम थोडा वाढला. तिथून सगळे ठाण्याला. आईंना जिन्यावरून खुर्चीत बसवून पोरांनी खाली आणलं. छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे, तोवर जड उचलायचं नाही, आणि जिना शक्य तेवढा टाळायचा, म्हणून परळला परतणं लांबलं. भेटायला येणाऱ्यांना काकूंनी संध्याकाळचा एकच तास दिला, मास्क लावून, दोघांपेक्षा जास्त नाही. लोक नाराज झाले पण काकू हलल्या नाहीत आणि ते बरोबरच होतं.

निर्जला एकादशी मध्येच आली. जखम भरायला प्रोटीन हवं, शुगरच्या गोळ्या चालू, उपवासाला साबुदाणा खाल्ला की शुगर वर आणि काही नाही खाल्लं तर खाली. डॉक्टरांनी स्वतःहून उपवास धरला नाही, मूग आणि ताक घेतलं, हरिपाठ केला. पेशंटना ते नेहमी हेच सांगायचे.

पत्र्याची पेटी सोबत चिठ्ठी देऊन दिंडीत गेली. लोणंदजवळच्या एका निवृत्त नर्सबाईंनी ती सांभाळली. मुलगी, जिला वारीचं कधी फारसं वेड नव्हतं, ती पुणे ते सासवड टप्पा चालून आली. का ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

टीबीच्या नऊ जणांपैकी आठ जणांचा कोर्स न चुकता चालू राहिला. नववा एक तरुण, मे महिन्यात सगळे चाकरमानी गावी जातात तसा सिंधुदुर्गात गेला होता, पंधरा दिवसांच्या गोळ्या घेऊन. त्याचा फोन लागेना, यादीत नाव होतं पण गावचा पत्ता नव्हता. परत आला तोवर जवळपास तीन आठवड्यांचा खंड पडला होता. थुंकीची तपासणी पुन्हा झाली, औषधाला दाद न देणारा प्रकार निघाला नाही, पण त्याचा उपचार लांबला, नोकरीवर जायला उशीर झाला. हे या प्रकरणातलं अपयश आहे आणि ते डॉक्टरांना फार लागलं.

काही पेशंट तुटले. दीड-दोन महिने नवीन मुलीकडे लोक बिचकत होते, वय काय, एवढीशी पोर. मग पावसाळा लागला, डेंग्यू-मलेरिया सुरू झाले, तिने दोन पेशंट अचूक ओळखून वेळेवर केईएमला पाठवले, आणि लोकांचा सूर बदलला. तिसऱ्या गटातली एकटी माणसं मात्र कमी झाली. ती तिच्याकडे येऊन बसत नाहीत. कंपाउंडर जाता-येता त्यांच्या दारात डोकावतात, तेवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट फेब्रुवारीतली. दोन महिने हातातून गेले, आणि ते नशीब की मधे अटॅक आला नाही. प्रत्येक डॉक्टरचा एक डॉक्टर असावा, बाहेरचा, ज्याच्याकडे फाईल असेल. आम्ही भागातल्या पाच-सहा जणांनी आता एकमेकांच्या फाईली ठेवायला सुरुवात केलीय, वर्षातून एकदा तपासायचं, ओळख आहे म्हणून सूट नाही. कंपाउंडरनी न विचारता फोन केला म्हणून सगळं घडलं, त्यांना तसं करायचा हक्क आहे हे आधीपासून ठरलेलं असतं तर त्यांनी मार्चमध्येच केला असता, असं ते स्वतः म्हणतात, तेव्हापासून त्यांना संशय होता.

दुसरी वारीची सवय, जी मघाशी लक्षात ठेवायला सांगितली. दरवर्षी तीन आठवडे दवाखाना बंद राहायचा. डॉक्टर त्या तीन आठवड्यांची तयारी चोख करायचे, पण गोळ्या जास्त देऊन, माणूस देऊन नाही. त्याच तीन आठवड्यांत दरवर्षी कुणी तरुण डॉक्टर बसवला असता तर पेशंटना दुसऱ्या चेहऱ्याची सवय झाली असती, चिठ्ठ्या आपोआप तयार झाल्या असत्या, आणि तीन संध्याकाळींत चाळीस वर्षं सांगायची वेळ आली नसती. जे डॉक्टर गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जातात त्यांनाही हे करता येईल.

तिसरी, मुंबईत पेशंटचा पत्ता म्हणजे दोन पत्ते. गावचा पत्ता आणि गावातल्या एका माणसाचा नंबर टीबीच्या प्रत्येक कार्डावर हवाच, एप्रिल संपायच्या आत. तो नंबर असता तर त्या तरुणाला जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळाल्या असत्या, निक्षय आयडी देशभर चालतो.

जागेच्या बाबतीत वकिलाचा सल्ला योगायोगाने मिळाला. जुन्या चाळींत पागडीवर दवाखाना असलेल्यांनी भाडेपावत्या, विजेचं बिल, दुकान-आस्थापनेचा दाखला आणि मालकाशी झालेला पत्रव्यवहार एका फाईलीत ठेवावा, आजारपणात हे शोधायला कुणाला वेळ नसतो.

मुलीच्या त्या वाक्याबद्दलही लिहायला हवं. आता आम्हाला द्या, असं ती म्हणाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेशंटचं आणि टीबीचं उत्तर दिलं, ते खरं होतं, पण तिने विचारलेला प्रश्न तो नव्हता. बैठकीत तिच्यासाठी वेगळा वेळ काढायला हवा होता, फक्त तिने आणि डॉक्टरांनी बोलायला. तो त्यांना नंतर ठाण्याला मिळाला, ऑपरेशननंतर.

सध्याची स्थिती अशी. डॉक्टर आठवड्यातून दोन संध्याकाळी बसतात, दवाखाना उरलेले दिवस नवीन डॉक्टर चालवते, कंपाउंडरचा पगार दोघं मिळून देतात. सकाळची वेळही सुरू करावी असं डॉक्टरांना वाटतं, मुलीचा विरोध आहे, कार्डिओलॉजिस्टनी वर्षभर थांबा म्हटलंय. पुढच्या आषाढीला वाखरीपर्यंत गाडीने जाऊन तिथून दिंडीबरोबर पंढरपुरात चालत शिरायचं ठरलंय, स्ट्रेस टेस्ट चांगली आली तर. पेटी मात्र आळंदीपासूनच जाईल, नर्सबाईंबरोबर, आणि यावेळी नवीन डॉक्टरनेही दोन मुक्कामांसाठी नाव दिलंय, त्या दोन दिवसांत दवाखान्यात मी बसणार आहे.